राजीखुशीने लिहून दिलेलं माहेर

अहो, तुमच्याबद्दल लोक इतकं चांगलं बोलताहेत की माझे कान किटले. तेराव्याची गंधमुक्ती झाली, मांडव निघाला, भाड्याच्या खुर्च्या परत गेल्या, तरी दारावर येणारी माणसं काही थांबत नाहीत. येतात, सतरंजीवर बसतात, तुमच्या फोटोला हात जोडतात आणि सुरू होतात. वकीलसाहेबांनी आमच्या घरात समेट केला. वकीलसाहेब नसते तर आम्ही तारखांवर तारखा करून मेलो असतो. मी मान हलवते. पदर तोंडाला लावून बसलं की बाईला काही बोलावं लागत नाही, ती एक सोय आहे.

कोर्टात तुमच्या मंडळींनी शोकसभा घेतली. मला पुढे बसवलं. तुमच्या निम्म्या वयाचा एक वकील उठला आणि म्हणाला, "साहेबांनी आयुष्यात घरं तोडली नाहीत, जोडली." शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत म्हणून, नाहीतर कडकडाट झाला असता. मी मनात म्हटलं, बाळा, कोणाच्या पदरातलं काढून कोणाचं घर जोडलं, ते पण सांग की. पण तो बोलत होता ते त्याच्या मनापासून, आणि तुम्ही फोटोत हसत होता. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की हसायचात तसंच.

आख्ख्या संसारात तुम्ही मला एक वाक्य पुरं करू दिलं नाहीत. आता तोडून दाखवा.

सकाळी दूधवाला यायच्या आधी आपल्या ओट्यावर माणूस हजर असायचा. भाडेकरू घर खाली करत नाही, काय करू? शेजाऱ्याने बांध कोरला. मेलेल्या बापाच्या नावावरची मोटारसायकल विकायची, सही कोण करणार? पोरीच्या दाखल्यावर नाव चुकलं. नवऱ्याने दुसरी आणून ठेवली, आता पेन्शन कोणाला? बायकांची सुरुवात तर ठरलेलीच, "आमच्या गल्लीतल्या एका बाईचं विचारायचंय." तुम्ही डोळे मिटून सगळं ऐकायचात आणि म्हणायचात, "त्या बाईला सांग, रडू नको, कागद घेऊन ये." की समोरची बाई तिथेच रडायला लागायची. परक्या बाईचं दुखणं तुम्हाला न सांगता कळायचं, हे मी शपथेवर सांगेन.

दीपनगरहून एक जण यायची, आठवते? तिचा नवरा नोकरीत असताना गेला आणि दिराने नोकरी आपल्या पोराला मिळावी म्हणून तिच्याकडून कोऱ्या कागदावर सही घेतली होती. तुम्ही तिच्यासाठी चपला झिजवल्यात. या ऑफिसातून त्या ऑफिसात स्वतः गेलात, कारकुनांशी भांडलात, घरी येऊन माझ्यावर चिडलात, पण नोकरी तिलाच मिळवून दिलीत. परवा ती आली आणि माझ्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली. म्हणाली, मला बाप नव्हता, साहेब होते. तिचं रडणं खरं होतं. म्हणूनच माझा जास्त जळफळाट होतो. तुम्ही वाईट माणूस असता तर मला फार सोपं गेलं असतं.

पण आखाजी जवळ आली की तुमच्यातला तो माणूस कुठे जायचा?

आपल्याकडे दिवाळीपेक्षा आखाजीचं कौतुक जास्त. अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येतात, कडुनिंबाच्या झाडाला झोके बांधतात, आमरस-पुरणपोळी खातात, सासरी गिळलेलं सगळं गाण्यांतून बाहेर काढतात. आणि सगळ्याच्या सगळ्या, बठ्ठ्या बहिणी एका जागी सापडतात, म्हणून भाऊलोक हक्कसोडपत्रही नेमकं तेव्हाच काढतात. एकच गाडी करायची, सगळ्यांना दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात न्यायचं, फोटो, अंगठा, सही, येताना एकेक साडी घ्यायची, उसाचा रस पाजायचा, झालं. बापाच्या वावरातून लेकींची नावं कमी. पोरी झोक्यावर बसायच्या आधी काम उरकलेलं असायचं. ते सगळे कागद करायला आपल्याच घरी रांग.

तुमची एक पद्धत होती. बहिणीला बंगईवर, तुमच्या त्या झोपाळ्यावर बसवायचं आणि भावाला खाली सतरंजीवर. एरवी त्या बंगईवर तुम्ही कोणाला टेकू द्यायचा नाहीत, पण वाट्याची बहीण आली की मोठा मान. "ती वरच बसेल, लेक आहे," म्हणायचात. भाऊ खाली मान घालून बसलेला. बहीण बिचारी एवढ्या मानानेच अर्धी विरघळलेली. मग तुम्ही आवाज मऊ करून तिच्या बोलीत विचारायचात, "बाई, तुले वावर जोयजे का माहेर?"

शेत पाहिजे की माहेर! हा काय प्रश्न झाला? भावाला कधी विचारलंत, बाबा, तुला वावर पाहिजे की बहीण? मी आत पोळ्या लाटता लाटता ऐकायची. उत्तर काय येणार ते तुम्हाला ठाऊक, भावाला ठाऊक, मला ठाऊक. माहेर नको म्हणणारी बाई खान्देशात अजून जन्मायची आहे. ती डोळे पुसायची, "माहेर" म्हणायची, आणि तुम्ही कागद पुढे करायचात. नंतर भाऊ तुमच्या पाया पडायचा. बहीणही पडायची, त्याचंच मला नवल वाटायचं.

एकदा फक्त रावेरकडची, केळीवाल्यांची एक लेक होती. चांगली ठसठशीत, बोलायला फटकळ. तुम्ही विचारलंत तर ती म्हणाली, "काका, दोन्ही पाहिजे." तुम्ही हसलात. तिचा भाऊ हसला, बरोबरचे मामा हसले. सगळे हसले म्हणून मग तीही हसली. आणि हसता हसता सही करून गेली. ती गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, पोरगी हुशार होती. मी म्हटलं, होती ना, मग तिला हसलात कशाला? तुम्ही पेपर उघडलात.

आणि मग माझी पाळी आली.

बाबा गेले त्या वर्षीची आखाजी. भडगावहून दादा मला न्यायला आला. बरोबर लिंबं, कैऱ्या आणि सातबारा. गिरणेच्या काठचं आमचं वावर, ज्याच्यात मी लहानपणी भुईमूग उपटायला जायची. तो त्याविषयी माझ्याशी अक्षर बोलला नाही. सगळं तुमच्याशी. तुम्ही दोघं ओट्यावर बसून खालच्या आवाजात बोललात आणि मला बाहेर बोलावलंत. मला बंगईवर बसवलंत! माझ्या स्वतःच्या घरात, जी बंगई मी रोज पुसायची तिच्यावर. त्याक्षणी मला सगळं कळलं, पायाखालची जमीनच सरकली.

मी म्हटलं, मला विचार करू द्या. तुम्ही म्हणालात, "वकिलाच्या बायकोने बापाच्या वावरात वाटा मागितला, असं गावभर होईल. मी उद्या कोणत्या तोंडाने दुसऱ्यांच्या बहिणींना समजावू?" म्हणजे तुमचं तोंड राहावं म्हणून माझं वावर जायचं. दादा म्हणाला, "ताई, तुला काय कमी आहे?" मला कमी काही नव्हतं, खरंच नव्हतं. कमी असल्याशिवाय बापाचं काही मागू नये, हे कोणत्या कायद्यात लिहिलंय ते मात्र तुम्ही दोघांनी सांगितलं नाहीत.

कागद तुम्ही स्वतः केलात. दुसऱ्या वकिलाकडे द्यायलाही तयार नव्हतात, घरची गोष्ट घरात राहावी म्हणून. आणि मला वाचून दाखवलात, कोर्टात वाचतात तसा घसा खाकरून. "मी लिहून देणार, राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाशिवाय..."

मी मध्येच विचारलं, "ते राजीखुशीने कोणी लिहिलं?"

"अगं, तसंच लिहितात. नमुनाच तो असतो."

"मला विचारलं का कोणी?"

"मग आता विचारतो. राजी आहेस ना?" आणि हसलात. दादाही हसला. मला रावेरची ती पोरगी आठवली. मी मात्र हसले नाही, एवढंच काय ते मी केलं. सही केली, अंगठा दिला, फोटोला उभी राहिले. साडी मोरपंखी होती. चांगली होती साडी, उगीच नावं ठेवत नाही.

तुमचंच खरं ठरलं म्हणा. माहेर तुटलं नाही. दर आखाजीला दादाचा फोन यायचा, वहिनी दारात पाणी घेऊन उभी असायची. पण मी पाहुणी झाले होते. लिंबाच्या झाडाचं लिंबू तोडायचं तरी "वहिनी, तोडू का गं?" विचारायला लागायचं. वहिनी म्हणायची, "अहो ताई, विचारता काय!" पण विचारलं नाही तर बघायची. तिची चूक नाही. झाड तिचं होतं.

मग ते आपलं मोठं भांडण झालं. कशावरून ते आता आठवतही नाही, पण तुम्ही ताट ढकललंत आणि मी पिशवी भरून भडगावची बस धरली. आयुष्यात पहिल्यांदा. वाटेत मी किती काय काय ठरवलं होतं! महिनाभर येणारच नाही, बसू देत त्यांना खिचडी शिजवत. एक-दोन दिवस बरे गेले. मग दादा अंगणात येऊन उभा राहिला, चपला न काढता. म्हणाला, "ताई, वकीलसाहेबांना फोन केलाय. येताहेत घ्यायला. तू आवरून ठेव." मी विचारलं, "मी सांगितलं होतं का तुला फोन करायला?" तर म्हणाला, "असं कसं, गावात लोक विचारतात." मी तशीच उठून नदीकडे गेले. आमचं वावर ओलांडूनच जावं लागतं. कपाशी छान आली होती. बांधावर बसायला गेले आणि बसवेना. कोणी हटकलं असतं असं नाही. पण बसवेना.

तुम्ही आलात. वहिनीने तुमच्यासाठी वांग्याचं भरीत केलं, तुम्ही मिटक्या मारत जेवलात, दादाला दोन विनोद सांगितलेत. परतीच्या वाटेवर एस.टी.त म्हणालात, "बघ, आहे की नाही तुझं माहेर शाबूत?" तेव्हा नाही सांगितलं, आज सांगते. बायकोला भांडून जायला एक जागा लागते हो. जिथे जाऊन ती म्हणू शकेल, मी इथे बसणार, माझं आहे. ती जागा तुम्ही टाइप करून दुसऱ्याला देऊन टाकलीत, आणि त्यानंतर तुमच्याशी भांडायला माझ्यात जोरच उरला नाही. लोक म्हणतात, वकीलसाहेबांचा संसार किती शांत! शांतच होता. कुठे जाणार होते मी?

असं सगळं आठवून तुमच्यावर दात-ओठ खावेत, तर मध्येच ती वेणी आठवते. माझ्या खांद्याचं ऑपरेशन झालं तेव्हा हात वर होत नव्हता. मी केस कापून टाकते म्हटलं तर तुम्ही चिडलात. दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टात जायच्या आधी, पांढरा बँड गळ्यात घालून, माझ्यामागे स्टूल घेऊन बसलात. पेड वाकडे जायचे, सुटायचे, तुम्ही पुन्हा सुरुवात करायचात. म्हणायचात, "थांब, तिघांना सारखा वाटा मिळाला पाहिजे." आणि खरंच, आठवडाभरात शिकलात. अशी घट्ट, सरळ वेणी माझ्या आईनेही कधी घातली नाही. अशिलं ओट्यावर ताटकळत बसलेली आणि तुम्ही आत माझ्या केसांना रिबन बांधताय! परवा अंघोळ करून केस विंचरायला बसले आणि कंगवा टाकून दिला. हात आता वर होतो. तरीसुद्धा.

केसांच्या तीन पेडांना सारखा वाटा द्यायला तुम्हाला जमलं. मग बाकीचं का नाही जमलं, सांगा ना!

आणि एक गोष्ट मी तुम्हाला सरळ विचारली होती. अक्काची सही तुम्ही का घेतली नाहीत? हे घर सासऱ्यांच्या नावावर. त्यांनी मृत्युपत्र केलं नाही, सासूबाई त्यांच्यामागे लगेच गेल्या. राहिलात तुम्ही आणि तुमची थोरली बहीण. म्हणजे अर्धं घर साक्रीच्या अक्काचं, हे मला कोणा वकिलाने सांगायला नको, आख्खा जन्म दाराआडून हेच ऐकलं. दर आखाजीला अक्का इथे यायची, नाचणीची पोती-पिशव्या घेऊन, बंगईवर आडवी व्हायची. कागद करायला तुम्हाला अर्धा दिवस लागला नसता. मी म्हटलं, जगाच्या बहिणींकडून लिहून घेता, तुमच्या बहिणीचं काय? तुम्ही म्हणालात, "अक्काचं काय विचारतेस? ती घरचीच आहे."

तेव्हा मला वाटलं, आळस. नंतर वाटलं, प्रेम. आता तुम्ही गेल्यावर उलट-सुलट विचार करते आणि दुसरंच वाटतं. अक्काने तुम्हाला कडेवर वागवलं, सासूबाई आजारी असताना स्वतः शाळेचं तोंड न पाहता तुम्हाला शाळेत पाठवलं. तिला बंगईवर बसवून तो प्रश्न विचारायची तुमची छाती झाली नाही. म्हणजे तुम्हाला कळत होतं! तो प्रश्न खोटा आहे, हे तुम्हाला पक्कं कळत होतं, आणि तरी तुम्ही तो मला विचारलात. कळत नसतं तर मी माफ केलं असतं हो. अडाणी नवरे काय कमी असतात? पण तुम्हाला कळत होतं.

आता परवाचं सांगते, कारण ते तुमच्याच घरात झालं.

गंधमुक्तीच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले. अक्का राहिली होती. दुपारची जेवणं झाली आणि आपल्या पोराने, निखिलने बॅगेतून कागद काढले. पुण्याचा माणूस, सगळं व्यवस्थित पारदर्शक फाइलमध्ये. कधी करून आणले कोण जाणे, तुमच्या अस्थी अजून घरातच होत्या. त्याने अक्काचा हात धरून तिला उठवलं आणि म्हणाला, "आत्या, तू वर बस." बंगईवर बसवलं. स्वतः खाली बसला, मांडी घालून, अगदी तुमच्यासारखा. मी दारात उभी होते.

तो गोड बोलत होता. घर जुनं झालंय, आईला पुण्याला नेणार, घर विकायचं ठरलं तर नावं मोकळी हवीत, तुला साक्रीहून सारखी धावपळ नको. आज पानापानावर सही कर, उद्या ऑफिसात जाऊन फोटो आणि अंगठा. मला पुण्याला नेणार हे मला तेव्हाच कळलं. अक्का ऐकत होती. तिने चष्मा पुसला. म्हणाली, "वाची दाखाड रे." वाचून दाखव. निखिलने वाचायला सुरुवात केली आणि तुमचाच नमुना निघाला, राजीखुशीने व अक्कलहुशारीने.

अक्काने पेन हातात घेतलं. तुम्हीच तिला सही करायला शिकवलं होतंत म्हणे, पाटीवर, तुम्ही दुसरीत असताना. ते आठवून की काय, तिला रडू आलं. पेन धरून ती माझ्याकडे वळली. "वहिनी, तू सांग. मी सही करू का नही? तुले बठ्ठं माहीत शे. नही करी, तं हाऊ पोऱ्या उद्या माले इचारी का?"

सही केली नाही तर हा पोरगा उद्या मला विचारेल का. अहो, तुमच्याकडे आलेल्या सगळ्या बायकांचा खरा प्रश्न हाच होता. त्यांना कायदा ठाऊकच होता. आणि त्याचं उत्तर तुम्ही त्यांना कधी दिलं नाहीत, वावर की माहेर विचारून त्यांनाच पेचात टाकलंत.

तिने सही केली तर घर माझ्या पोराचं आणि माझं. नाही केली तर अर्धं गेलं. मीही काही संत नाही. क्षणभर मनात आलंच, करते आहे तर करू दे, मी कुठे तिला सांगायला गेले होते? निखिल माझ्याकडे बघत होता, मी गप्प बसणार या खात्रीने. मी कायम गप्पच बसले आहे, त्याची काय चूक?

मी म्हटलं, "अक्का, सही करू नका."

"आई!" निखिल उठून उभाच राहिला. "तू मध्ये बोलू नकोस, तुला यातलं कळत नाही."

"मला यातलंच कळतं. बाकी काही कळत नाही."

"तुझंही घर जातंय, लक्षात येतंय का तुला?"

"येतंय."

"बाबा असते तर असं बोलली असतीस?"

मी म्हटलं, "बाबा असते तर त्यांनी अक्कासमोर हा कागद काढायची हिंमत केली नसती. आणि तू काढलास. त्यांचं दिवसकार्य झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी!"

त्याचा चेहरा उतरला. मग राग आला. म्हणाला, मी तुम्हा दोघींसाठीच करत होतो. म्हणाला, आत्याचं माहेर तुटेल याने, मग मला बोल लावू नका. मी म्हटलं, "तोडून दाखव. दार मी उघडते इथलं." कागद तसेच टाकून तो गाडी घेऊन निघाला. नाशिकला पोहोचलो, असा मेसेज केला फक्त. त्याच्या आईच्या फोनवर नाही, आत्याच्या. यावरून काय ते समजा. तुमचाच पोरगा आहे.

घरात आम्ही दोघीच राहिलो. मी जिन्याच्या पायरीवर बसले. वाटलं, अक्का काहीतरी बोलेल, चांगलं केलंस म्हणेल, आशीर्वाद देईल. ती बंगईवरून खाली उतरली, माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसली. खूप वेळ माझी पाठ चोळत राहिली. मग म्हणाली, "वहिनी, पन मंग तू कोठे जाशी?"

तू कुठे जाशील.

अहो, मला हे आजपर्यंत कोणी विचारलं नव्हतं. बाबा गेले तेव्हा नाही, दादाने सातबारा आणला तेव्हा नाही, पोराने घर विकायचं ठरवलं तेव्हा नाही. तुम्ही तर आयुष्यभर लोकांच्या बायकांना विचारत बसलात, माझ्यापर्यंत आलाच नाहीत. आणि जिचं अर्धं घर घ्यायला निघालो होतो तिने विचारलं. मला हुंदका आवरेना. तुम्ही गेलात त्या दिवशी मी इतकी रडले नव्हते. लोकांनी बघून वाखाणलं होतं, बाई किती धीराची आहे म्हणून.

अक्का म्हणाली, "कोठेच नको जाऊ. मन्हा अर्धामा तू ऱ्हाय." माझ्या अर्ध्यात तू राहा. एवढं सोपं होतं ते. एका वाक्याचं काम होतं, कागद नाही, साक्षीदार नाही, आणि तुम्ही एवढे मोठे वकील.

अक्का आता साक्रीला परत गेली आहे, पेरणीच्या आधी येते म्हणाली. निखिल अजून बोलत नाही. दादाचा फोन आला होता. कोणीतरी त्याला सांगितलं असणार, कारण तो घाबरलेला होता. म्हणाला, ताई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? मी म्हटलं, आहे, आणि घाबरू नकोस, तुझा कागद पक्का आहे, साहेबांनी केलाय.

तुमच्यावरचा माझा राग जात नाही. जाईल असं वाटलं होतं, तेराव्यानंतर, अस्थी सोडल्यानंतर, कशा-कशानंतर. जात नाही. आणि त्या रागाच्या खाली जे आहे ते जास्त वाईट आहे, म्हणून ते शेवटी सांगते. परवा मी तोंड उघडलं, आयुष्यात पहिल्यांदा, तुमच्या माणसांसमोर, तुमच्या विरुद्ध. तुम्ही बाहेरच्या खोलीत असता तर मी उघडलं नसतं. अक्काने सही केली असती आणि मी तिला साडी नेसवली असती. तुम्ही मेलात म्हणून मला बोलता आलं. आणि पहिल्यांदा बोलल्यावर मला सगळ्यांत आधी ते ज्याला जाऊन सांगावंसं वाटलं, ते तुम्ही होता.